किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या खोल्या कोणाला अडवणार होत्या?

खाडीकाठ (देवगड)

सर्वांना नमस्कार. गेल्या वर्षी मे-जूनमध्ये मुलीकडे इंग्लंडला राहून आलो. तिचे घर पूर्वेकडच्या सफोक परगण्यात आहे आणि समुद्र तिथून मोटारीने अर्ध्या तासावर येतो. तिथली पुळण आपल्यासारखी वाळूची नसून गोट्यांची आहे. चालताना पाय घसरतो आणि लाट परतताना भांड्यात सुपाऱ्या हलवल्यासारखा आवाज येतो. अशा एका पुळणीवर, मागच्या मातीच्या कड्याच्या पायथ्याशी, काँक्रीटची एक षट्कोनी खोली कलंडून पडलेली पाहिली. तिचा एक कोपरा गोट्यांत रुतला होता आणि दुसरा इतका वर उचललेला होता की खालून लहान मूल सरपटत जाऊ शकेल.

मी हयातभर रस्ते आणि इमारतींच्या बांधकामावर देखरेख केली असल्यामुळे अशी वस्तू दिसली की हात लावल्याशिवाय राहवत नाही. बाहेरून विटा होत्या, पण जिथे विटा निखळल्या होत्या तिथे आत काँक्रीट दिसत होते. पाच बाजूंना आत अरुंद होत जाणाऱ्या खिडक्या होत्या आणि सहाव्या बाजूला वाकून जावे लागेल असे दार होते. आत डोकावल्यावर सर्वांत मोठे कोडे पडले. खोलीच्या मधोमध, छताला टेकलेली, तीन पाकळ्यांची एक भिंत होती. एवढ्याशा खोलीत चार माणसे जेमतेम उभी राहतील, तिथे ही भिंत घालून जागा का अडवली असावी, हे माझ्या लक्षात आले नाही. जावई म्हणाले की १९४० साली जर्मन उतरतील या भीतीने अशा खोल्या हजारोंनी बांधल्या गेल्या. जर्मन तर आले नाहीत.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की, ही घाबरून केलेली उधळपट्टी होती की त्यामागे काही विचार होता? दुसरा प्रश्न घरचा आहे. माझे वडील तेव्हा लालबागला गिरणीत होते. दिव्यांना काळे कागद लावल्याच्या आणि १९४४ च्या एप्रिलमध्ये गोदीत स्फोट झाला तेव्हा ‘जपान आला’ म्हणून चाळीतली माणसे जिने उतरून पळाल्याच्या गोष्टी ते सांगत. म्हणजे भीती इथेही होती. मग आपल्या एवढ्या लांब कोकण किनाऱ्यावर त्या काळातली अशी एकही खोली मला कधी का आढळली नाही?

चुना_आणि_चिरा

काका, मी सैन्याच्या अभियंता दलात बावीस वर्षे नोकरी केली असून सध्या चिपळूणला असतो. आपण वर्णन केलेल्या वास्तूला पिलबॉक्स म्हणतात, आणि तपशिलावरून तो ‘टाइप २२’ असावा असे वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मे १९४० च्या अखेरीपासून ४ जूनपर्यंत फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून ३ लाख ३८ हजार सैनिक इंग्लंडला परत आणले गेले. पण ते बहुतेक रिकाम्या हातांनी परतले. रणगाडे, तोफा, मालमोटारी सगळे फ्रान्समध्येच राहिले. ज्या सेनापतीकडे माणसे आहेत पण वाहने नाहीत, तो त्या माणसांना हलवू शकत नाही. त्यांना एका जागी बसवून लढवणे एवढेच त्याच्या हाती उरते. तेव्हा ब्रिटनमधल्या सैन्याचे प्रमुख असलेल्या जनरल आयर्नसाइड यांनी नेमके तेच केले. किनाऱ्यावर एक पातळ कवच, त्यामागे नद्या, कालवे आणि रेल्वेचे बांध यांच्या आधाराने आखलेल्या अडथळ्यांच्या रेषा, आणि सर्वांत मागे लंडन व औद्योगिक शहरे वाचवणारी मुख्य रेषा अशी त्यांची रचना होती. किनाऱ्यावरच्या कवचाने शत्रूला थोपवावे अशी अपेक्षा नव्हती. त्याने शत्रूला काही तास अडकवून ठेवावे आणि तेवढ्यात मागे असलेल्या थोड्याशा फिरत्या तुकड्यांनी पुढे यावे, इतकेच त्यात गृहीत होते. त्यामुळे ‘जर्मनांना अडवले का’ या मापाने ही बांधकामे मोजू नयेत, असे मला वाटते.

आता त्या तीन पाकळ्यांच्या भिंतीविषयी. एका खिडकीतून गोळी किंवा बॉम्बचा तुकडा आत शिरला तर काँक्रीटच्या खोलीत तो भिंतीभिंतींवर आपटत फिरतो आणि एकाच गोळीत सगळे जायबंदी होतात. मधल्या भिंतीमुळे खोलीचे कप्पे पडतात. एका कप्प्यातले संकट दुसऱ्यात जात नाही. शिवाय ती छतालाही आधार देते. जागा गेली हे खरे, पण जागेच्या मोबदल्यात माणसे वाचत होती.

बाहेरच्या विटा शोभेसाठी नव्हत्या. त्या उन्हाळ्यात लाकडाची इतकी टंचाई होती की शटरिंगला फळ्या मिळेनात, म्हणून विटांची भिंत आधी उभारून तिच्या आत काँक्रीट ओतले गेले आणि विटा तशाच ठेवल्या गेल्या. आपण बांधकामावर असल्यामुळे हे आपल्याला लगेच पटेल. साध्या टाइप २२ ची भिंत १२ इंच असे आणि ती बंदुकीची गोळी अडवण्यापुरतीच असे. तोफगोळ्यापुढे टिकण्यासाठी केलेल्या जाड प्रकारांत भिंत साडेतीन फुटांपर्यंत नेली जाई. घाईत असलेला कंत्राटदार कोणता प्रकार निवडेल, हे मी आपल्याला सांगायला नको.

पिलबॉक्स म्हणजे त्या तटबंदीचा फक्त एक दागिना होता. पुळणीवर रणगाडे अडवायला काँक्रीटचे मोठे ठोकळे ओळीने मांडले गेले, ओहोटीच्या रेषेजवळ लोखंडी नळ्यांचे परांचीसारखे सांगाडे उभे केले गेले, वाळूत सुरुंग पेरले गेले आणि जुन्या युद्धनौकांवरून उतरवलेल्या तोफा घाईने किनाऱ्यावर बसवल्या गेल्या. समुद्रात शिरणाऱ्या सहलीच्या धक्क्यांचे मधले तुकडे काढून टाकले, म्हणजे शत्रूला त्यावर आयते उतरता येऊ नये. आपल्या मुलीला सफोकमधले साउथवोल्ड जवळ असेल तर तिथला धक्का असाच तोडला होता. रस्त्यांवरच्या गावांच्या पाट्या काढल्या आणि जूनपासून चर्चच्या घंटा बंद केल्या. आक्रमण झाले तरच त्या वाजायच्या होत्या.

खोली कलंडण्याचे कारण युद्धातले नाही. सफोकचा मातीचा कडा समुद्र दरवर्षी खात असतो. १९४० साली जी खोली कड्याच्या माथ्यावर होती ती पायाखालची जमीन गेल्यावर खाली आली.

सह्यपायथा

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातला सूर मला जरा जास्तच क्षमाशील वाटतो. आयर्नसाइड यांच्या योजनेवर त्याच वेळी त्यांच्याच अधिकाऱ्यांनी टीका केली होती आणि जुलै १९४० मध्ये त्यांच्या जागी आलेले जनरल ॲलन ब्रूक यांनी या रेषांवरचा भर कमी करून फिरत्या राखीव सैन्यावर दिला. म्हणजे जेमतेम दोन महिन्यांत विचार बदलला, काँक्रीट मात्र बदलता आले नाही. शिवाय १६ जुलैला हिटलरने ‘सी लायन’ या इंग्लंडवर उतरण्याच्या मोहिमेच्या तयारीचा हुकूम काढला आणि १७ सप्टेंबरला ती बेमुदत पुढे ढकलली, ती ब्रिटिश विमानदलामुळे आणि आरमारामुळे. पुळणीवरच्या खोल्यांचा त्यात कितीसा वाटा होता?

आणि सुरुंगांविषयी एक ओळ पुरेशी नाही. ज्या वाळूत ते पेरले ती वाळू वारा आणि लाटा हलवतात, त्यामुळे नकाशावर खूण केलेल्या जागी सुरुंग राहत नाहीत. युद्ध संपल्यावर ते काढताना कितीतरी सैनिक दगावले. आपल्याच किनाऱ्याची तटबंदी आपल्याच माणसांना मारते, हा हिशेबही मांडला पाहिजे.

चुना_आणि_चिरा

सुरुंगांबाबतची दुरुस्ती मान्य आहे. आमच्या दलातला कोणीही ती नाकारणार नाही. मात्र ‘वाटा किती’ या प्रश्नावर माझे म्हणणे कायम आहे. मोकळी पुळण असेल तर हलक्या होड्यांतून आलेले थोडे सैनिकही बंदर काबीज करू शकतात. पुळणीवर अडथळे असतील तर रणगाडे, तोफा, अभियंते असे सगळे पहिल्याच लाटेत आणावे लागते आणि त्यासाठी जहाजे वाढतात. जर्मनांकडे तर नद्यांतल्या मालवाहू पडावांवर भिस्त ठेवण्याची पाळी आली होती. जितके पडाव जास्त, तितके ते आरमाराच्या आणि विमानांच्या तावडीत अधिक वेळ. काँक्रीट, आरमार आणि विमानदल यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिता येत नाहीत.

सागरगड_मास्तर (अलिबाग)

काकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मी शाळेत इतिहास शिकवत असे आणि हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनीही विचारला आहे.

१९४२ च्या वसंतात भीती निराधार नव्हती. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून गेले आणि त्याच महिन्यात अंदमान जपान्यांच्या ताब्यात आले. ५ एप्रिलला कोलंबोवर हवाई हल्ला झाला, ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले, ९ तारखेला त्रिंकोमालीवर हल्ला होऊन हर्मिस ही विमानवाहू नौका बुडाली. मद्रासहून लोक हजारोंनी गावी निघाले. पण या यादीतली सगळी नावे बंगालच्या उपसागराकडची किंवा श्रीलंकेची आहेत. हल्ल्यानंतर ब्रिटिश आरमाराच्या पूर्वेकडच्या ताफ्यातली जुनी, संथ जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलिंडिनीला पाठवण्यात आली आणि वेगवान जहाजे काही काळ मुंबईला आली. म्हणजे पूर्व किनारा ही आघाडी होती आणि आपला किनारा ही माघारीची जागा. पुढे जूनमध्ये, कोलंबोवर विमाने सोडणाऱ्या पाच विमानवाहू नौकांपैकी तीन पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळ बुडाल्या आणि धोका ओसरला.

दुसरे कारण आपण रोज पायांनी तुडवतो ते आहे. समजा शत्रू देवगडच्या पुळणीवर उतरला, तर पुढे तो जाणार कुठे? तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. ती पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडले. बहुतेक मोठ्या खाड्यांवर पूल नव्हते, तरीने पलीकडे जावे लागे. उत्तरेला मुंबईकडे जायचे तर एकामागून एक खाड्या ओलांडायच्या आणि पूर्वेला जायचे तर फोंडा, गगनबावडा, आंबा किंवा कुंभार्ली यांपैकी एखादा घाट चढायचा. घाटमाथ्यावर दोन तोफा आणि एक पलटण ठेवली की काम झाले. सह्याद्री हीच इथली मागची संरक्षक रेषा होती, आणि ती कोणाला बांधावी लागली नाही. त्यात मृग लागल्यावर समुद्र बंद होतो. एप्रिलमध्ये उतरलेल्या सैन्याची रसद जूनमध्ये तुटली असती. कोणताही शहाणा सेनापती हा जुगार खेळणार नाही आणि कोणताही शहाणा खजिनदार त्याविरुद्ध काँक्रीट ओतणार नाही.

म्हणून इथला सगळा खर्च मुंबई बंदरावर झाला, आणि तोही जपान्यांच्या कितीतरी आधीपासून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन आरमाराची धास्ती होती. बंदराच्या तोंडाशी मिडल ग्राउंड, क्रॉस आयलंड, ऑयस्टर रॉक अशा खडकांवर तोफांचे मोर्चे होते आणि १८७० साली जलावतरण झालेल्या मॅगडाला आणि ॲबिसिनिया या दोन चिलखती युद्धनौका खास या बंदराच्या रक्षणासाठी बांधल्या होत्या. त्यांनी आपले बहुतेक आयुष्य इथेच काढले आणि एकही लढाई न लढता १९०३ साली त्या विकल्या गेल्या. घारापुरीला लेण्यांच्या वरच्या डोंगरावर जी ब्रिटिशकालीन तोफ दिसते, तिच्यासमोर आज सहलीची मुले फोटो काढतात. ती याच बंदराकडे पाहत बसली आहे. काकांना आपल्याकडचे काँक्रीट पाहायचे असेल तर ते मुंबईभोवती शोधावे लागेल, देवगडला नाही.

रापणकर (मालवण)

मास्तरांचे बोलणे बरोबर आहे, पण त्यात एक गाळलेली बाजू आहे. किनाऱ्याचे संरक्षण म्हटले की किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे काय होते? १९४२ साली बंगालमध्ये, जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून, दहांहून अधिक माणसे बसतील अशा होड्या सरकारने काढून घेतल्या किंवा मोडल्या. मासेमारी थांबली, भाताची ने-आण थांबली, आणि पुढच्या वर्षी दुष्काळाने जे केले त्याला हेही एक कारण होते. धोका आपल्या बाजूला सरकला असता तर आमच्या गाबीत वस्तीतल्या होड्यांचेही तेच झाले असते. पिलबॉक्स आमच्याकडे नाही, याचे मला तरी वाईट वाटत नाही.

दुसरे म्हणजे, खोल्या नाहीत म्हणून पुळणीवरचे अडथळे आपल्याकडे कधी नव्हतेच, असे समजू नये. १६७९ साली खांदेरीवर मराठ्यांनी बांधकाम सुरू केले तेव्हा मुंबईकर इंग्रज आणि सिद्दी दोघेही त्यावर तुटून पडले होते. त्या बेटाच्या तटाबाहेर सुटे धोंडे टाकलेले आहेत. त्यांवर कालवे धरतात आणि कालवांची धार अशी की अनवाणी माणूस चार पावले टाकू शकत नाही. होडी लागत नाही, पाय ठरत नाही आणि वरून तटावरचा मारा चालू. इंग्लंडातले लोखंडी सांगाडे याहून वेगळे काय करत होते? विजयदुर्गला तर पाण्याखालीच सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केला आहे. ज्या वाटेने मोठ्या बुडाचे जहाज तोफांचा पल्ला साधायला जवळ येईल, तिथे ती आडवी आहे. आमची गलबते उथळ बुडाची, त्यांना ती लागत नाही.

काकांनी सांगितलेल्या दाराबद्दलही बोलायचे आहे. पाच खिडक्या आणि मागे दार, म्हणजे शत्रू मागून आला तर संपले. विजयदुर्गचे नेमके हेच झाले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनचे आरमार समोरून आग ओकत असताना एका गोळ्याने रेस्टोरेशन नावाच्या जहाजाला आग लागली, ती पसरून तुळाजी आंग्र्यांचा अख्खा ताफा जळाला आणि त्याच रात्री क्लाइव्हने जमिनीच्या बाजूला सैन्य उतरवले. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. पाण्यातली भिंत जागच्या जागी होती. पेशवे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूने होते, हे लिहिताना अजूनही हात अडखळतो.

चुना_आणि_चिरा

रापणकरांनी मर्मावर बोट ठेवले. पिलबॉक्स कधीही एकटा लढावा अशी कल्पना नसते. त्याच्या दाराकडे खंदकात बसलेल्या सोबत्यांनी लक्ष ठेवायचे असते आणि शेजारच्या पिलबॉक्सने त्याच्या अंगावरून मारा करायचा असतो. सिंधुदुर्गचा तट नागमोडी का आहे याचे उत्तरही त्यातच आहे. सरळ भिंतीच्या पायथ्याशी पोचलेला शत्रू वरच्याला दिसत नाही, पण पुढे आलेल्या बुरुजावरून तो बाजूने दिसतो. मुख्य दरवाजा तर दोन बुरुजांच्या मध्ये असा दडवला आहे की होडीतून अगदी जवळ जाईपर्यंत तो ओळखू येत नाही.

एक बांधकामातली गोष्ट काकांसाठी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात तटाचे मोठाले दगड चुना न घालता नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून शिरते, तिचा जोर मोडतो आणि दगड जागचा हलत नाही. काँक्रीटच्या अखंड पेटीला हे जमत नाही. ती एकतर पूर्ण उभी राहते, नाहीतर पूर्ण कलंडते.

खाडीकाठ (देवगड)

सर्वांचे मनापासून आभार. एवढे सविस्तर लिहाल असे वाटले नव्हते. कुलाबा किल्ल्यात मी तीनदा गेलो आहे, ओहोटीला पायी चालत गेलो आहे, आणि चुना नाही हे एकदाही लक्षात आले नाही याची एक जुना ओव्हरसियर म्हणून थोडी शरम वाटते.

काल मुलीला हे सगळे वाचून दाखवले. आज रविवार असल्यामुळे ती नातवाला घेऊन मुद्दाम तिथे गेली आणि टेपने मोजून तिने मला कळवले. निखळलेल्या विटांच्या जागी नुसते काँक्रीट १२ इंच भरले, आणि जिथे वीट शाबूत आहे तिथे साडेसोळा. म्हणजे साहेबांचे टाइप २२ चे निदान आणि शटरिंगचे म्हणणे दोन्ही बरोबर ठरले. काँक्रीटमध्ये खडी म्हणून त्याच पुळणीवरचे गोल गोटे दिसतात, असेही तिने लिहिले आहे. गोल गोट्यांना सिमेंट नीट धरत नाही म्हणून माझ्या कामावर मी अशी खडी परत पाठवली असती.

मास्तर, घारापुरीच्या तोफेपर्यंत चढायला पायऱ्या किती आहेत ते कळवावे. माझे गुडघे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, आणि नारळी पौर्णिमेनंतर जाण्याचा विचार आहे.

सागरगड_मास्तर (अलिबाग)

लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत आणि त्यांच्या दुतर्फा दुकाने असल्यामुळे थांबत थांबत जाता येते. तोफेकडे जाणारी पुढची वाट चढाची आहे. काठी बरोबर ठेवावी आणि माकडांपासून पिशवी सांभाळावी. दसऱ्यानंतर आलात तर गवत वाळलेले असेल आणि मीही बरोबर येईन.